वाळूवरचे डोरे

फाट्यावर तिला उतरवून बस धुरळा उडवत वणीकडे निघून गेली. कहकशांनं पिशवी खांद्याला अडकवली आणि खालाच्या, म्हणजे मावशीच्या, गावची मुरमाची वाट धरली. दोन्ही बाजूंना कापसाची फुटलेली पराटी, मधूनच तुरीच्या पिवळ्या फुलांचा पट्टा, आणि वाऱ्याला दिवाळीनंतरचा तो हलका गारवा. करंजाच्या झाडाजवळचं वळण घेतलं आणि ती थबकली.

रस्त्याच्या मधोमध एक गादी पडली होती. आणि गादीवर एक तरुण बसला होता. शेजारी मोटारसायकल, हातात दोरीचा गुंता, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू बैठकीतच बसलाय.

"घरदार नाही का तुमाले?" तिनं विचारलं.

"आहे ना. यवतमाळले." तो उठायचं विसरून तिच्याकडे पाहत राहिला. "पण हे गादी इथंच मुक्काम करतो म्हणते. बांधली की सुटते, बांधली की सुटते... आता मीच बसून गेलो तिच्यावर."

कहकशांला हसू आलं, पण तिनं ते ओठातच ठेवलं. "हटा तिकडे. द्या ते दोरी."

तिनं गादी उभी केली, गुडघ्यानं दाबून तिची वळकटी केली, दोरी खालून घेतली, आडवी फिरवली आणि दोन झटक्यांत गाठ मारली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती फोमची गादी कॅरिअरवर गुमान बसली.

"कुठी शिकल्या हे?"

"गाद्या बांधून बांधून."

त्याला वाटलं ही गंमत करतेय. तो खळखळून हसला. चांगलं हसायचा— डोळ्यांनीसुद्धा.

"मी साजिद. फोमच्या कंपनीचं काम पाहतो. वणी, मारेगाव, पांढरकवडा... हा सारा पट्टा माझ्याकडे. सगळे दुकानदार आले आपल्यात. मारेगावचे अय्यूब गादीवाले तेवढे अडून बसलते, आता तेही फोनवर तयार झाले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दुकानावर आपला बोर्ड लागते पाहा."

कहकशां पिशवीचा पट्टा नीट करू लागली. पट्टा नीटच होता.

"त्यांच्या रजया चांगल्या असतात म्हंते ना?" तिनं अगदी सहज विचारलं.

"मजबूत असतात. पण एक पाह्यली का साऱ्या पाह्यल्या. चौकट, चौकट, चौकट... त्यांची पोरगी शिवते म्हणतात. डोळे मिटून शिवत असन बहुतेक!"

तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याला त्या नजरेचा अर्थ लागला नाही, पण हसणं मात्र आपोआप थांबलं.

"जातो मी— म्हणजे, तुमी इकडूनच चालल्या ना? अन् नाव? नाव तरी सांगा!"

"दोरी बांधाले नाव लागत नाही," असं म्हणून ती पाटावरच्या पायवाटेला लागलीसुद्धा.

पायवाटेवर मात्र तिचे कान तापले होते. कारण अय्यूब गादीवाले तिचे अब्बा होते. आणि डोळे मिटून शिवणारी पोरगी म्हणजे ती.

राग यावा, तर तो येत होता. पण कुणावर, तेच कळेना. त्या पोट्ट्यानं काय खोटं सांगितलं होतं? मारेगावच्या त्या दुकानात ती बारावीपासून बसत होती. अब्बा मशीनवर कापूस पिंजायचे, खोळीत भरायचे, आणि वरून लांब टाके घालायचं काम तिचं. त्या टाक्यांना दुकानात डोरे म्हणत. खडूची दोरी ताणायची, फट्‌ करून मारायची, चौकटी आखायच्या आणि त्या रेघांवरून सुई चालवायची. पूर्वी लोक घरचा कापूस आणायचे, बायका समोर बसून लेकीच्या लग्नाची रजई भरून घ्यायच्या. आता कापसाचे दिवस फिरले होते. वावरातला कापूस घरी टिकतच नव्हता, लग्नात लेकीला रजई द्यायची रीत सुटत चालली होती, आणि ज्यांना घ्यायचं ते दुकानात येऊन आधी विचारत— फोम आहे का?

अब्बा एजन्सी घ्यायला तयार झाले, तेव्हा तिनंच मान डोलवली होती. घेऊन टाका. तिला तरी कुठं त्या चौकटींमध्ये गोडी उरली होती? अलीकडे तर सुई बोटात घुसायची तरी तिचं लक्ष दुसरीकडेच असायचं. शेवटी अम्मी म्हणाली, "हलीमाकडे जाऊन ये. जराशी नदीवर फीर. सुईले हात लावशीन तर पाहा."

हलीमा खालाचं वावर वर्धा नदीच्या अगदी काठावर होतं. तिचा नवरा, म्हणजे खालू, वेचलेला कापूस घेऊन वणीला गेले होते. खाला एकटीच वेचणाऱ्या बायांवर देखरेख करत होती. तिनं भाचीच्या हातातून पिशवी घेतली, आतलं सुईदोऱ्याचं डबडं काढलं आणि फळीवर उंच ठेवून दिलं.

"तुझ्या अम्मीचा फोन आलता. काम करायचं नाही म्हणून सांगतलं तिनं."

"मंग करू काय मी?"

"नदी पाह्य."

"नदी काय पाहायची खाला? पाणीच तर आहे."

पहिल्या दिवशी खरंच तिला नुसतं पाणी दिसलं. काठावर बसून ती कंटाळली, खडे मारले, परत आली. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना पुन्हा गेली. पावसाळा सरून पाणी मागे हटलं होतं आणि मोकळ्या वाळूवर त्यानं रेघा सोडल्या होत्या. अंगठ्याएवढ्या उंचीच्या, एकीला लागून एक, दूरवर गेलेल्या. तिरप्या उन्हात प्रत्येक रेघेची सावली शेजारच्या खाचेत पडली होती. ती बघत बसली. मग उठून वाकून बघू लागली.

एकही रेघ सरळ नव्हती आणि एकही दुसरीला कापत नव्हती. वाटेत दगड आला की रेघा त्याच्या दोन्ही अंगांनी वळून जायच्या आणि पुढे पुन्हा सोबतीला यायच्या. जिथं पाणी जोरात गेलं असेल तिथं त्या दूर दूर, जिथं थबकलं असेल तिथं जवळ जवळ. एक टिटवी त्या रेघांवरून तुरुतुरु चालत गेली, तरी वाळू जागची हलली नाही.

आणि कहकशांच्या मनात पहिल्यांदा प्रश्न आला— रजईला चौकटच काहून पाहिजे? कोणी सांगितलं? कोणी नाही! अब्बांच्या अब्बांनी दोरी मारली म्हणून अब्बांनी मारली, अब्बांनी मारली म्हणून तिनं. कापूस जागच्या जागी राहिला म्हणजे झालं ना... मग तो नदीसारखा का नाही राहणार?

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ओल्या वाळूवर बोटानं रेघ ओढायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मागून आवाज आला—

"दोरीवाल्या बाई!"

साजिद मोटारसायकल काठावर लावून खाली उतरत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बूट.

"आज गादी कुठी पडली?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही पडली. तुमची गाठ सोडाले तिथं चार माणसं लागली." तो अलीकडेच थांबला, तिच्या रेघांवर पाय पडू नये म्हणून. तिला ते आवडलं. "पुन्हा ऑर्डर आली या गावातून. म्हणजे... आली नव्हती. मी आणली."

"काहून?"

"गाव चांगलं आहे."

"गावात काय पाह्यलं?"

"अजून काही नाही पाह्यलं. आताच तर आलो." आणि त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिची रेघ वाकडी गेली. तिनं ती पुसली नाही. वाकडीच चांगली दिसत होती.

तो वाळूत बसला. हे काय काढून राह्यल्या, म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, रजईचे डोरे. त्यानं भुवया उंचावल्या; डोरे टाकणं म्हणजे कुणाला भुरळ घालणंही होतं.

"म्हणजे तुमी इथं बसून डोरे टाकून राह्यल्या?"

"रजईवर," ती चटकन म्हणाली. "दुसऱ्या कोणावर नाही."

"मी कुठी काय म्हटलं!"

दोघंही हसली. पलीकडच्या काठावरून बगळ्यांची रांग उठली आणि पाण्याला जवळजवळ टेकत निघून गेली. साजिद त्यांच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "यवतमाळात अब्बाचं गॅरेज होतं. मले त्या ग्रीसचा कंटाळा आलता. वाटलं, साफ कपड्यांचं काम करावं. आता कपडे साफ आहेत, पण दिवसभर बोलून बोलून रात्री वाटते... आज एक तरी गोष्ट मनची बोललो का मी?"

"आत्ता बोललास ना."

तिच्या तोंडून ते निसटलं. तुमी नाही— तू. तिनं ओठ चावला. त्याच्या मात्र चेहऱ्यावर दिवा लागला.

"मंग आता नाव सांग," तोही हळूच एकेरीवर आला.

"कहकशां."

"आकाशगंगा? बाप रे! नावात सारं आभाळ, अन् सांगाले एवढी कंजूष?"

त्या संध्याकाळी तिनं खालाच्या फळीवरून डबडं काढलं. खालानं पाहिलं, पण अडवलं नाही. उलट स्वतःच्या वेचणीतला पांढराशुभ्र कापूस आणून दिला. कहकशांनं तो हातानं मोकळा केला, निळ्या साडीची खोळ करून तीत भरला, आणि खडूची दोरी न घेता सुई घातली. रेघ वळेल तशी सुई वळत होती. एखाद्या ठिकाणी फसलं, उसवलं, पुन्हा नदीवर जाऊन पाहिलं. बोटात सुई एकदाही घुसली नाही.

वावरातल्या खोपीत बसून तिनं रजई पूर्ण केली त्या दुपारी आभाळ अचानक काळवंडलं. त्या दिवसांत पाऊस यायचं काही कारण नव्हतं, पण ढगांना कोण विचारणार? आणि खालाच्या वावरात खोपीजवळ वेचलेल्या कापसाचा ढीग उघड्यावर होता. ताडपत्री खालूंनी वणीच्या दुसऱ्या खेपेला बैलगाडीवर बांधून नेलेली. बाया घरी गेलेल्या.

"कहकशां! लुगडी आण, पोती आण, काहीही आण!" खाला ओरडली.

दोघी धावल्या. पोती घातली, चादरी घातल्या, तरी अर्धा ढीग उघडाच. वारा सुटला. पहिले थेंब टपोरे, तिरपे, जोरात आले. कापूस भिजला की पिवळा पडणार, आणि पिवळ्या कापसाकडे बाजारात कोणी पाहत नाही. त्या धावपळीतच मोटारसायकलचा आवाज आला. साजिद होता, आणि कॅरिअरवर अर्थातच गादी.

त्यानं ढिगाकडे पाहिलं. गादीकडे पाहिलं. एक क्षण... फार तर दोन. मग त्यानं गादीवरचं जाड प्लास्टिक टराटरा उभं फाडलं, ते ताडपत्रीसारखं पसरवलं आणि ओरडला, "ते टोक धर!"

तिनं धरलं. वाऱ्यानं प्लास्टिक शिडासारखं फुगलं, दोघंही त्याच्यासोबत ओढली गेली, हसत, ठेचकाळत... शेवटी खालानं कडेला दगड टेकवले आणि ढीग झाकला गेला.

मग तिघं खोपीत शिरली. बाहेर फोमची उघडी गादी पाऊस पीत पडली होती. पीत होती, फुगत होती.

"अरे बाप्पा," खाला म्हणाली, "हे तर पोहून जाईन आता." आणि चहाला आधण ठेवायचं निमित्त करून खोपीच्या दुसऱ्या टोकाला चुलीपाशी गेली.

साजिदच्या केसांतून पाणी निथळत होतं. कहकशांनं ओढणीचं टोक पुढे केलं. मग मागे घेतलं. मग पुन्हा पुढे केलं. त्यानं ते घेतलं आणि चेहरा पुसायच्या ऐवजी नुसतं हातात धरून ठेवलं.

"कंपनीले काय सांगू मी? फोमवाल्यानं कापसासाठी गादी भिजवली म्हणून?"

"सांग ना. अय्यूब गादीवाले तरी खुश होतीन."

"तू त्यांले ओळखते?"

"अब्बा आहेत माझे."

पाऊस छपरावर वाजत राहिला. साजिदच्या हातून ओढणीचं टोक सुटलं.

"म्हणजे ते... डोळे मिटून..."

"हाव. तेच मी."

"या खुदा! तवाच काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर खरं बोलला असता का तू?"

त्यानं मान खाली घातली. कान लाल झाले होते त्याचे.

"राग आलता?"

"लय आलता. पण मंग पाह्यलं, तर राग माझाच मले आलता. मी खरंच डोळे मिटून शिवून राह्यलती." तिनं कोपऱ्यातली रजईची घडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "आता पाह्य."

त्यानं रजई उलगडली. निळ्या कापडावरून पांढरे डोरे वळत गेले होते, एकमेकांना न कापता, एकमेकांना न सोडता. त्यानं एका रेघेवरून बोट फिरवत नेलं, पार दुसऱ्या टोकापर्यंत. मग शेजारच्या रेघेवरून तसंच परत आणलं. आणि कहकशांला कळलं की दुकानात आजवर कुणीही तिच्या कामाची एवढी तारीफ केली नव्हती.

"पुढच्या आठवड्यात येऊ का दुकानात?" रजईची घडी घालत त्यानं विचारलं.

"ये. बोर्ड आणू नको."

मारेगावला परतल्यावर तिनं रजई अब्बांसमोर टाकली. अय्यूबमियांनी चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"हे काय आहे? रजई चौकटीचीच असते, बेटा. कापूस सरकून एका कोपऱ्यात बसन याच्यात."

"झटकून पाहा."

"फाटन."

"फाटली तर फोमचा बोर्ड मी स्वतः लावतो अब्बा, शिडीवर चढून."

अब्बांनी रजईची दोन टोकं धरली. त्या हातांनी उभा जन्म कापूस झोडपला होता. त्यांनी अशी झटकली की शेजारचा पानठेलेवाला बाहेर येऊन बघू लागला. पुन्हा झटकली. मग दारात नेऊन उन्हासमोर धरली, आणि कापसात कुठं उजेड दिसतोय का ते बोटाबोटानं शोधलं. कुठंच नव्हता. सगळीकडे सारखी, गुबगुबीत सावली.

त्यांनी एका डोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"कुठी शिकली हे?"

"नदीवर."

"हं." त्यांनी रजईची घडी घातली. ती कपाटात ठेवली नाही. फोमच्या बोर्डासाठी काढून टाकायला घेतलेल्या जुन्या पाटीखाली, दर्शनी भागात टांगली.

साजिद आला तेव्हा अब्बांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि एजन्सीला साफ नाही म्हणून सांगितलं. "अन् तू काहून हसून राह्यला रे? तुझं काम गेलं ना?"

"गेलंच चाचा. भिजलेल्या गादीपायी पट्टाही गेला. अमरावतीकडे टाकतो म्हणाले, मी नाही म्हटलं. वणीत मामाचं गॅरेज आहे. तिथं लागून जातो." त्यानं चोरून आत पाहिलं. "ग्रीस लागते हाताले, पण लोक गाडी घेऊन येतात अन् खरं दुखणं सांगतात. मले ते बरं वाटून राह्यलं आता."

त्या हिवाळ्यात मारेगावात एकदम काही सोन्याचा धूर निघाला नाही. पण वणीच्या एका बाईनं टांगलेली रजई पाहिली आणि लेकीसाठी तशीच मागितली. तिचं पाहून तिच्या बहिणीनं. मग बाया पुन्हा घरचा कापूस गाठोड्यात बांधून आणू लागल्या, दुकानात मांडी घालून बसू लागल्या. कहकशां प्रत्येकीची रजई वेगळी शिवायची. एकीत तुरीच्या ओळी वळायच्या, एकीत करंजाचं पान. सुट्टी मिळाली की ती नदीवर जाऊन यायची आणि येताना वणीवरून एक मोटारसायकल कशी कोण जाणे, त्याच वाटेनं यायची.

पण साजिद विचारत मात्र नव्हता. हवापाणी विचारायचा, खालाची तब्येत विचारायचा, कार्बोरेटरवर तासभर बोलायचा. मूळ गोष्टीपाशी आला की अडखळायचा.

एका दुपारी तो दुकानात आला. आत अब्बांची पिंजणाची मशीन धडधडत होती, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. त्याचा एक तंतू येऊन साजिदच्या मिशीवर बसला.

"मी काय म्हणून राह्यलो..." तो म्हणाला.

"काय?" मशीनच्या आवाजात तिला काही कळेना.

"म्हटलं... तुले... म्हणजे आपल्याले..."

"मोठ्यानं बोल!"

तो घाबरून आणखीच हळू बोलला. कहकशांनं सुई खोळीत खोचली आणि उभी राहिली. वाट पाहण्याचा तिला आता कंटाळा आला होता.

"राहू दे! मीच सांगतो!" ती मशीनच्या वर आवाज चढवून ओरडली. "मले तू आवडते—!"

आणि त्याच क्षणी लाईट गेली.

मशीन गप्प. गल्ली गप्प. "आवडते" तेवढं पानठेल्यापर्यंत पोहोचलं. आतून अब्बा बाहेर आले, दाढीपासून भुवयांपर्यंत कापूस लागलेला.

"काय म्हणाली?"

कहकशांचे गाल पेटले होते, पण मान खाली गेली नाही. "मी म्हटलं अब्बा, मले साजिद आवडते."

"ते साऱ्या मारेगावनं ऐकलं." अय्यूबमियांनी साजिदकडे तोंड वळवलं. "अन् याले?"

सगळ्या पट्ट्याला बोलून बोलून फोम विकलेला माणूस दारात खांब होऊन उभा होता. त्यानं मान हलवली, आधी चुकून आडवी, मग घाईघाईनं उभी.

"हलीमानं मले कवाचंच सांगतलं," पडद्यामागून अम्मी म्हणाली. "उद्या तुझ्या अम्मीले घेऊन ये, बेटा. अन् ते मिशीवरचा कापूस काढ."

तेव्हा कुठं साजिदला वाचा फुटली. तो एक पाऊल पुढे आला, थेट तिच्या डोळ्यांत पाहत बोलू लागला— आणि लाईट आली. मशीन पुन्हा धडधडू लागली. त्याचे ओठ हलत होते, हात हलत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता.

कहकशांनं त्याला पुन्हा सांगायला लावलं नाही. ती नुसती हसत बघत राहिली, आणि तो काय बोलतोय ते तिला सगळं कळत होतं.